कुसाबाईचा अंगठा

पेठ रोड, नाशिक

पास्टर साहेब,
प्रभूच्या नावात रावजी भोयेचा सलाम.

काल रस्त्यात रेशन दुकानदार भेटला. म्हणाला, "बाबा, तांदूळ आलाय, आजींना पाठवा. दर महिन्याला त्याच अंगठा देतात ना." मी तसाच घराकडे वळलो.

तुम्ही सांगितलं होतं, रेशनचं अंगठ्याचं मशीन म्हणजे शास्त्रातली श्वापदाची खूण, सैतानाचा शिक्का. ती घेणारा, प्रभू येईल तेव्हा त्याच्याबरोबर वर उचलला जाणार नाही, सात वर्षांच्या मोठ्या संकटात इथेच खाली राहील. म्हणून तीन वर्षं मी अंगठा दिला नाही, बायकोला, कुसाबाईला, देऊ दिला नाही. तरी घरातला तांदूळ सरत नव्हता. शास्त्रातल्या विधवेचं पीठ संपलं नाही, तसंच देव आमचं करतो, अशी साक्ष मी मंडळीपुढे चार वेळा दिली. तेव्हा कुसाबाई मान खाली घालून बसायची. मला वाटायचं, प्रार्थना करते.

घरी जाऊन ओरडलो, "अगं, प्रभू आला तर तू खालीच राहशील!"

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुम्ही जा वर. पन जेवून जा."

साहेब, ताट झाकून ठेवून लिहायला बसलोय. हे पत्र तुम्हाला द्यायचा धीरही होत नाही. आभाळ नुसतं गडगडलं तरी ती माझा हात धरते. संकटाच्या त्या सात वर्षांत कोणाचा धरणार? उद्या मी अंगठा द्यायला जातो. तुम्ही वर गेलात तर प्रभूला सांगा, रावजी विसरला नाही, कुसाबाईजवळ थांबलाय.

अजून तरी आपल्या मंडळीतला,
रावजी