लांबलेली रेघ

बाई, दौंड स्टेशनासमोर ज्या दुकानात मी सध्या रेडिओ दुरुस्त करतो तिथं दुपारी कुणी फिरकत नाही, म्हणून लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली. हे कागद टपालात पडायचे नाहीत हे मला कळतं, तरी लिहायच्या आधी उठून हात धुतले. तुमच्या स्वयंपाकघरात शिरताना धुवावे लागायचे, नाहीतर तुम्ही उंबऱ्यातच थांबवायचात. समोरच्या फलाटावर गाडी लागलीय आणि चहावाला ओरडतोय. गोंगाट असला की बरं असतं. गाड्या थांबल्या, दुकानात सगळं गप झालं की मला टिकटिक ऐकू यायला लागते, आणि ती भिंतीवरच्या घड्याळाची नसते.

मी काही शिरूरला शिकायला आलो नव्हतो. कांद्याच्या ट्रकवर क्लीनर होतो. मार्केट यार्डात माल उतरेपर्यंत घोडनदीवर शर्ट धुतला आणि वाळत घालायला जागा बघत पिठाच्या गिरणीमागं आलो. कडुनिंबापासून गिरणीच्या पत्र्यापर्यंत तांब्याची तार ताणलेली होती, तिच्यावर टाकला. मागच्या खोलीतून डोक्याला हेडफोन लावलेली एक बाई बाहेर आली. शर्टाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "निलगिरीचा डॉक्टर बोलता बोलता गप झाला. तुझ्या शर्टानं झाला." मला वाटलं, हिचं डोकं फिरलेलं दिसतंय. मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. शर्ट काढून, पिळून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, आत ये, काय बिघडवलंस ते बघ. ती तार म्हणजे तुमच्या रेडिओची एरियल होती. मी बघत बसलो आणि ट्रक माझ्याशिवाय गेला. त्या ट्रकचा मालक मोठा नमुना होता, समोर मारुतीचा फोटो आणि सीटखाली बाटली, त्याची गंमत अशी की एकदा कोरेगाव भीमाला पुलावर... असो. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "तुझं टिंब शिरूरात आन् रेघ पुण्यात."

हौशी रेडिओचा क्लब हे नाव मोठं, पण खोली गिरणीमागची. भिंतींवर पिठाचा थर, आणि टेबलावर तुम्ही जुन्या बाजारातल्या भंगारातून जोडलेला सेट. बोलायचा माईक नव्हताच. तारमास्तर दाबतात तसला पितळी खटका होता आणि त्याच्यावर मोर्सची टिंबं आणि रेघा. मी आलो तेव्हा माणसं चार-पाच होती. सायकलवाला होता, दोन कॉलेजची पोरं होती आणि एस.टी. डेपोतले इलेक्ट्रिशियन होते, ज्यांना सगळे मामा म्हणायचे. परीक्षा देऊन सरकारी लायसन मिळवलेल्या एकट्या तुम्ही. हे रेडिओ स्टेशन तुमच्या नावावर, म्हणून तुम्ही शेजारी बसलेल्या असाल तरच आमच्यापैकी कुणी खटक्याला हात लावायचा. आणि गिरणीची मोटर सुरू झाली की हेडफोनमध्ये नुसती खरखर, म्हणून सगळा कारभार रविवारी सकाळी, पहिला डबा दळायला यायच्या आत.

मला मात्र तुम्ही शिकवलंत ते घरी, चुलीपाशी. पोळपाटावर करवतीचं पातं ठोकून मला खटका करून दिलात. तुम्ही भाकरी थापताय आणि मी पातं दाबतोय. पाठ माझ्याकडं, पण कान इकडं. चूक झाली की भाकरीची थाप थांबते. मी पुन्हा दाबतो. बरोबर आलं की थाप सुरू. कुणाला शिकवायची अशी तऱ्हा मी पुढं कुठं बघितली नाही. शब्दाच्या शेवटी रेघ आली की तुम्ही ती जरा ओढायचात, गवई सूर सोडताना रेंगाळतो तशी. मीही ओढायला लागलो. सरावानंच आली, मुद्दाम नाही. एकदा मामांनी विचारलं, ही चूक का बरोबर? तुम्ही म्हणालात, चूकच. तुमचे वडील दौंडला रेल्वेत तारबाबू होते. पलीकडचा मास्तर बहिरट होता, त्याला शब्द संपल्याचं कळावं म्हणून ते ओढायचे. त्यांचं ऐकून तुमच्या हातात आली. "ही रेघ माझी न्हाई रं, अण्णांची हाय," असं म्हणालात. शाळेत शिकवताना शुद्ध बोलणाऱ्या तुम्ही वडिलांचं नाव निघालं की दौंडचं बोलायला लागायचात.

लांबचे लोक आवाज ऐकत नाहीत, ते हात ऐकतात. निलगिरीच्या चहामळ्यावरचे ते म्हातारे डॉक्टर तुम्हाला कधी भेटले नव्हते. दर रविवारी बोलावायचे. पाऊस, त्यांचे गुडघे, तुमचा खोकला, असलंच सगळं. या धंद्यात बाप्या असो की बाई, सगळ्यांना 'म्हातारबुवा' म्हणतात, तसं ते तुम्हाला म्हणायचे आणि तुम्हाला ते आवडायचं. एकदा मी सहज म्हणालो, दुसऱ्या कुणी क्लबचं नाव सांगून उत्तर दिलं तर त्यांना काय कळणार? तुम्ही हेडफोन काढून ठेवलात. म्हणालात, पहिल्या दोन अक्षरांत कळेल. आणि माझ्यामागं लायसन नसलेल्यानं खटका दाबलेला मला चालायचं नाही, हा क्लब एकदा सरकारच्या मनातून उतरला की पुन्हा उभा राहत नाही. माझ्याकडं बघून म्हणालात. मी खाली बघितलं. मी तेव्हा एका जागी महिना काढत नव्हतो, परीक्षा कुठली देतोय.

तुम्ही गेलात त्या मे महिन्यात मी कुठंतरी नगरकडं होतो. परत आलो तर गिरणीमागच्या खोलीला कुलूप. मामा डेपोत बसच्या बॅटऱ्या तपासत होते. हात पुसत पुसत त्यांनी सांगितलं. सुट्टीत तुम्ही भावाकडं दौंडला गेलात, कावीळ पोटात गेली आणि आठवडाभरात सगळं आटोपलं. तेव्हा रेल्वेचा संप चालू होता. मी तसाच ट्रकनं दौंडला आलो. तुमच्या भावाच्या दाराशी गेलो, पण आत जाण्यासारखं माझं नातं काय, ते मला सांगता येईना. म्हणून स्टेशनात जाऊन बसलो. एवढं मोठं जंक्शन आणि शिट्टी नाही, वाफ नाही, फलाटावर कुत्री झोपलेली. ती शांतता माझ्या कानात शिरली ती अजून आहे.

शिरूरला परतल्यावर मामा म्हणाले, "एक वाईट झालंय. त्यो डाक्टर दर रविवारी बोलावतोय." मामांना मोर्स येत नव्हतं, पण क्लबचं नाव तेवढं कानावर बसलेलं. खोली उघडून सेट पुसताना त्यांनी ऐकलं होतं. शाळेतल्या एका मास्तरांकडून त्यांनी निलगिरीला कार्ड लिहून टाकलं होतं, पण संपात टपाल कुठं अडकलं कोण जाणे. रविवारी आम्ही दोघं गेलो. मी हेडफोन लावला. क्लबचं नाव, तीनदा, मग थांबणं. पुन्हा तीनदा. मधल्या त्या थांबण्यात ते तुमची वाट बघताहेत हे कळत होतं. मरून महिना झालेल्या माणसाला कुणी इतक्या धीरानं हाक मारतंय, आणि ती हाक माझ्या कानात पडतेय.

मी खटक्याकडं हात नेला. मामांनी मनगट धरलं. "हात लावू नगं. लायसन बाईंच्या नावावर. कुणी ऐकलं तर क्लब गेला समज. त्यांनी सगळी उमर घातलीय यात."

मी म्हणालो, "मामा, तो माणूस दर रविवारी असाच बसणार."

 थोड्या वेळानं मामांचा हात माझ्या मनगटावरून निघाला.

मी उत्तर दिलं. फक्त क्लबचं नाव, त्याच्यापुढं काहीच नाही. पलीकडून टिंबं-रेघा इतक्या भराभर आल्या की मला अक्षरं कशीबशी पकडता आली. कुठं होतात, महिना झाला, मी नको ते मनात आणत होतो, आता हात ऐकला आणि जीव भांड्यात पडला.  मी पाठवलं, मी त्या नाही, त्यांचा विद्यार्थी आहे, त्या वारल्या. तिकडून चार टिंबं, मग दोन टिंबं. हे तारेवरचं हसणं. थट्टा पुरे म्हातारबुवा, हा हात मी इतकी वर्षं ऐकतोय, ती ओढलेली रेघ आणखी कुणाची असणार?

मी पुन्हा तेच पाठवलं. आणि मला ऐकू आलं. 'वारल्या' हे तुमच्याच हातानं जात होतं. तुम्हीच त्यांना सांगत होतात की तुम्ही नाही. मी कितीही वेळा सांगितलं असतं तरी त्यांना ते खरं वाटलं नसतं. मग मी उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्या हातानं सुरुवात केली. लहान पोरानं गिरवावं तसं. टिंबं कुठंही, रेघा आखूड. एकेक अक्षर जुळवत तेच वाक्य.

बाहेर बायका डबे घेऊन आलेल्या. आता मोटर सुरू होणार. मामा उठले आणि गिरणीत गेले. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "बाईंचं काम चाललंय आत. थांबा घटकाभर." तिथल्या एकूण एक बाईला ठाऊक होतं तुम्ही गेल्याचं.  डबे खाली ठेवल्याचे आवाज आले तेवढे.

बराच वेळ काही नाही. मग अगदी सावकाश, हा हात कुणाचा? मी डाव्या हातानं, माझा. मग मघाचा? त्यांनी शिकवलेला. पुन्हा काही नाही. मला वाटलं गेले. मग आलं, तो एकदा ऐकव. फक्त क्लबचं नाव. मी मांडीखालचा हात काढला, त्याला मुंग्या आल्या होत्या. क्लबचं नाव पाठवलं आणि शेवटची रेघ जेवढी ओढवेल तेवढी ओढली. त्यांनी उत्तर दिलं नाही. मामा आत आले, म्हणाले, झालं? मी म्हणालो, झालं. त्यांनी सेटचं बटण बंद केलं आणि गिरणी सुरू झाली.

चौकशीला कुणी आलं नाही. मामांनी लायसनचे कागद सरकारला परत धाडले आणि सेट ट्रंकेत घालून डेपोत ठेवला. मी कासुर्डीच्या ढाब्यावर राहिलो, मग सुरतेला, मग आणखी कुठं कुठं, आणि शेवटी इथं दौंडला टिकलो. दोन वर्षांपूर्वी मामा एस.टी.नं आले आणि या दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. म्हणाले, क्लब पुन्हा उभा करायचा. मी आता म्हातारा झालो, लायसन तुझ्या नावावर घे. मी परीक्षेला गेलो. परीक्षक हेडफोन लावून ऐकत होते, मध्येच थांबवून म्हणाले, रेघ ओढता, रेल्वेत होता काय? हात साफ करून या. नापास. मग मी बसलो साफ करत. भिंतीवरच्या घड्याळाबरोबर, रोज दुपारी, असल्याच वेळेला. रेघ आली की कापायची. पुन्हा आली की पुन्हा कापायची. दुसऱ्या खेपेला पास झालो. परीक्षक म्हणाले, आता मशीनसारखा आलाय.

लायसन आलं. मामांनी कडुनिंबाला नवी तार बांधली. परवाच्या रविवारी आम्ही त्या खोलीत बसलो. डॉक्टर होते. आता ते क्लबला हाक मारत नाहीत, कुणीही उत्तर द्यावं अशी सगळ्यांना घालतात ती हाक घालत होते. हात थकलाय, टिंबं थरथरतात. मामा दारात उभे, त्यांनी धुवट शर्ट घातलेला. मी खटक्यावर बोटं ठेवली आणि उचलली. म्हणालो, मामा, आज हवा खराब आहे, कुणी ऐकू येत नाही. मामांनी मान हलवली. पण ते स्वच्छ ऐकू येत होते, बाई, शेजारच्या खोलीतून यावेत तसे. माझा हा साफ केलेला हात ऐकून ते विचारतील, नवीन दिसता, नाव काय आपलं, याला मी भ्यालो.