सपाट जागा

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. माझ्या लेकीला सुट्टीत तंबूत राहायला नेणार म्हणे, आणि तेही त्याच डोंगरावर! वाचून आधी हसले, मग हे लिहायला बसले. 'निसर्गाच्या सान्निध्यात दोन दिवस' असं लिहिलंयत. हे वाक्य तुमचं नाही, तंबूच्या खोक्यावरचं आहे.

तुम्ही फरशी बसवणारे. हातात सपाटी बघायची पाणसळ, गुडघ्यांना बांधलेलं रबर, आणि तुम्ही सोडून सगळं जग वाकडं असल्याची खात्री. माझ्या शाळेच्या नाटकाला आलात तेव्हाही मान खाली घालून सभागृहाच्या फरशीचे सांधे तपासत होतात. मी नऊ वर्षांची असताना आपण दोघं डोंगरावर गेलो, तर सामानात ती पाणसळ होतीच. औषधाची पेटी राहिली घरी. वाटेत एक मेंढपाळ भेटला. त्याने बजावलं की उतारावर दगडांत तंबू ठोका, सपाटीवर जाऊ नका. तुम्ही त्याला उतारावर झोपण्याचे तोटे समजावत बसलात. त्याच्या मेंढ्यासुद्धा कंटाळून पुढे निघून गेल्या.

मग तुम्हाला तो तुकडा सापडला. हिरवागार, मऊ, सपाट. पाणसळ ठेवलीत, बुडबुडा बरोबर मधोमध. तुमचा चेहरा इतका खुलला, माझ्या जन्माच्या वेळी तरी खुलला होता का कोण जाणे. अहो, डोंगरावर इतकं सपाट फक्त पाणी असतं! वर शेवाळ माजलं म्हणून त्याची जमीन होत नाही. मेंढरांना कळतं ते तुम्हाला कळलं नाही. दोरीचं टोक माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात की ताणून धर. मी म्हटलं, बाबा, खालचं हलतंय. तुम्ही म्हणालात, नखरे पुरे, अजून दोन पावलं मागे हो. मी झाले. कंबरेपर्यंत आत गेले.

बाहेर तुम्हीच काढलंत, तेही लिहिते, उगाच अन्याय नको. तंबू चिखलावर पसरलात, पालथे पडून सरपटत आलात, माझ्या काखेत हात घालून ओढलंत. ओढताना रडत होतात. त्या अर्ध्या तासापुरता तुमच्यासारखा बाप दुनियेत नव्हता. नंतर आपण घरी आलो. माझ्या पायात एकच गमबूट बघून आईने दारातच विचारलं, काय झालं. तुम्ही सांगितलंत की पोरगी ऐकत नाही, नको नको म्हणताना तिकडे धावली. आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही बुटांच्या नाड्या सोडत होतात.

तेवढ्यावर थांबला असतात तर घाबरून बोललात म्हणून मी सोडून दिलं असतं. पण तुम्ही त्याची गोष्ट केलीत. आत्याकडे सांगितलीत, शेजाऱ्यांना सांगितलीत, माझ्या नवऱ्याला तर पहिल्याच भेटीत, चहा गार होईपर्यंत. दर वेळी तुम्ही थोडे जास्त शूर आणि मी थोडी जास्त आगाऊ. मेंढपाळ तर केव्हाच गाळलात. आई तेच खरं मानून गेली. आणि मी तीस वर्षं सगळ्यांबरोबर हसत राहिले. मला तुमची लाज वाटते, तेवढीच माझीही वाटते.

हे उकरून काढायचं नव्हतं. पण परवा लेक बॅग भरत होती. मी तिला जपून राहा म्हटलं, तर तीच माझी समजूत घालायला लागली. म्हणाली की काळजी करू नकोस, मी काही तुझ्यासारखी नाही, आजोबा जिथे उभी राहा म्हणतील तिथेच उभी राहीन. म्हणून लिहितेय, बाबा. ती येणार नाही. आधी तुम्ही इथे या, तिला समोर बसवा, आणि तिच्याकडे बघून सांगा की तुझ्या आईने माझं ऐकलं, म्हणूनच ती बुडत होती.

तुमचीच,
ऐकणारी मुलगी