डोम आयरेसचं शीड

३ सप्टेंबर १७३८, लिस्बन

कप्तान डोम आयरेसच्या पुस्तकाला लागलेला खरा माल — एक गलबत, तळकोठारभर मिरी, एकतीस माणसं, माझ्या हातची नऊ शिडं. निघालं काय? सोळा पानांचं चोपडं! आंधळे विक्रेते धक्क्यावर ओरडत होते, "'सांता रीता'चा भयंकर अंत! शूर कप्तानाच्या स्वतःच्या शब्दांत!" एक घेतलं. विचारलं, "बाबा, कसं काय आहे?" म्हणाला, "मेस्त्री, मी नशीबवान. मला वाचावं लागत नाही."

मी वाचलं. सुकाण्या गास्पार झोपला म्हणून गलबत मोझांबिकच्या खडकावर चढलं. मग वादळ, विजा, ढगांत साक्षात मारियामाता. कप्तान सगळ्यांत शेवटी होडीत उतरला, आणि 'माझ्या डोळ्यांदेखत गलबत तळाला गेलं!'

शेवटी उतरला म्हणे! मग मागे एकतीस माणसं राहिली ती कुठून?

५ सप्टेंबर

गास्पारची बायको ब्रितेस माझ्या शिडं शिवायच्या माडीवर आली. मी शिवत होतो, ती उभीच राहिली. सुकाण्यांच्या संघाच्या खोलीत राहते. संघाने कळवलंय — ज्याच्या झोपेने गलबत गेलं, त्याच्या बायकोला खोली नाही. महिनाअखेर निघा.

"मेस्त्री, चोवीस वर्षं शेजारी निजले त्याच्या. उंदीर खुडबुडला तरी उठून बसणारा माणूस! तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

बोलतो म्हटलं.

८ सप्टेंबर

कप्तानाची स्वारी स्वतः आली! मनगटाला झालर, अंगाला अत्तर, मागे देवळात टांगायच्या नवसाच्या चित्राची फळी काखेत मारून चितारी सिमांव.

वादळातून वाचलेल्यांनी, ज्या शिडाने तारलं ते खांद्यावर घेऊन अनवाणी मातेच्या देवळात जायचं — हे आमच्यात कुणी चुकवत नाही. आता ह्यांच्या होडीला शीडच नव्हतं. खलाशांनी वल्ही मारली, हे बसले. म्हणून मला हुकूम — "एखादं जुनं काढा. थोडं फाडा. मिठाचं पाणी मारा."

"कुठलं शीड हवं, कप्तानसाहेब?"

"थोरलं. हे काय, समोरच आहे!"

बोट ठेवलं ते मासेवाल्या जोआनाच्या छपराच्या कापडावर! ठिगळ लावायला आलेलं. पंचवीस वर्षं दर्यावर, असं पहिल्याच पानावर छापलंय ह्यांनी.

तेच दिलं. वास आयताच होता. जोआनाला नवं शिवून देईन.

चित्रात स्वतःच्या हातात उपसलेली तलवार हवी आहे. सिमांव माझ्या कानाशी — "मेस्त्री, वादळात तलवार कुणावर उपसतात हो?" म्हटलं, "लाटांवर. खानदानी माणूस आहे, हाताने कसा मारील?"

१२ सप्टेंबर

संघात जाऊन आलो. सांगितलं — ज्याला थोरलं शीड आणि कोळिणीचं छप्पर यांतला फरक कळत नाही, तो सांगतोय सुकाणूवर कोण झोपलं ते! ठसका लागेस्तोवर हसले सगळे. मग म्हातारा दामियांव डोळे पुसत म्हणाला, "मेस्त्री, तुमचं खरंच असेल. पण त्याचं छापलेलं आहे ना."

छापलेलं! खोटं नुसतं बोललं तर बुडतं, शाईत बुचकळलं की पोहायला लागतं.

ब्रितेसला सांगितलं. रडली नाही. भांडी घासायला घेतली, बांधून ठेवायला.

१५ सप्टेंबर

माडीखालची खोली तिला देऊ केली. "मला खोली नको, मेस्त्री. त्याचं नाव हवंय."

२१ सप्टेंबर

निघाली मिरवणूक. कप्तान अनवाणी — म्हणजे रेशमी मोज्यांचे तळवे कापलेले! कापडाचा भार खलाशांच्या खांद्यावर, ह्यांची कोपऱ्याला दोन बोटं. वाटेत जोआना ओरडली, "अगो बाई, माझं छप्पर! मातेला दिलंत ते दिलंत, पण माझी तारली उन्हात वाळताहेत त्याचं काय?" पाद्र्याने घाईघाईने घंटा वाजवली.

फळी भिंतीवर चढली. तलवार झकास आलीय. खाली कोपऱ्यात गास्पार, तोंड उघडं टाकून घोरतोय. ब्रितेस खांबाआड उभी राहून बघत होती. मग कप्तानाचं भाषण. शेवटचा मी, डोळ्यांदेखत, तळाला. बायाबापड्या हुंदके देत होत्या. सगळ्यांनी टोप्या काढल्या. मीही काढली. कापड मीच दिलं होतं ना. दिवसभर स्वतःचं तोंड बघवलं नाही.

२२ सप्टेंबर

'सांता रीता' बेलेमच्या धक्क्यासमोर नांगर टाकून उभं आहे. मोठ्या भरतीने खडकावरून सुटलं. मागे राहिलेल्यांनी डागडुजी केली, गास्पारने हाकून आणलं. ब्रितेस मिळेल त्या होडीत बसून गेली. दुपारी जकातवाले तळकोठारात उतरले होते.

मिरी कोरडी आहेत.