तापलेली कॉइल आणि घड्याळवाल्यांची मिशी

१४ मार्च, दुपार

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, तेव्हा आठापैकी चारच अंगं पोचली असं समज. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. लेकीकडे बसून नातवाला गणित शिकवतोयस, असं वहिनींकडून कळलं. बिचारा नातू.

घड्याळवाल्यांची तब्येत उत्तम आहे. तुझ्या वस्तऱ्यातून उरलेली अर्धी मिशीही त्यांनी काढून टाकली. त्यांच्या बायकोचा खास निरोप आहे : "तुमच्या दादांना सांगा, फार उपकार झाले. लग्नापासून सांगतेय, ऐकत नव्हते." तेव्हा त्या बाजूने काळजी नको.

आता कामाचं. तुझ्या दुखऱ्या पायाला पेडल मारावं लागू नये म्हणून मी तुझ्या सलूनच्या खुर्चीला पंप आणि विजेवरची झडप बसवली. झडपेच्या कॉइलमधून जेवढा करंट, तेवढा तेलाचा दाब, आणि त्या दाबावर खुर्ची तोललेली. करंट पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर माझा. त्यावरून मी गल्लीभर काय फुशारक्या मारल्या, त्या तू ऐकल्याच आहेस. सर्किट नीट तपासलंही होतं. सकाळच्या गारव्यात, पंख्याखाली, चहा पीत.

गेल्या आठवड्यात भरदुपारी तुझं दुकान झाडायला गेलो. झाडणं राहिलं, खुर्ची चालू करून पेपर वाचत बसलो. बराच वेळ काही नाही. मग खुर्ची एकदम चार बोटं खाली, धप्पकन! चष्मा नाकावरून घसरून थेट ओठांवर आला.

कॉइलला हात लावला तर तवा. कॉइल तापली की तिच्यातून जाणारा करंट घटतो, हे कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात. मी मात्र तिला ठरावीक व्होल्टेज लावून निश्चिंत झालो होतो. करंट हळूहळू उतरत गेला, झडपेतली दांडी अडकून बसली आणि मग एकदम सुटली.

म्हणजे त्या दुपारी तुझा हात सुटला नव्हता, दादा. वस्तरा होता तिथेच होता. घड्याळवालेच मिशीसकट खाली गेले.

त्या संध्याकाळी तू दुकानात हात दिव्यापुढे धरून बघत होतास, थरथरतोय का म्हणून. मी दारातूनच परत फिरलो, कारण मलाही तुझा हातच सुटला असं वाटलं होतं. माझ्या सर्किटवर शंका घ्यायचं सोडून मी तुझ्या हातावर घेतली. फार लाज वाटते रे.

अ‍ॅम्प्लिफायर आता नव्याने केलाय. करंटच्या वाटेत एक छोटा रेझिस्टर घातला आहे. त्यावरून सर्किट स्वतःच करंट मोजतं आणि कमी पडला की भर घालतं. शिवाय करंटला अगदी बारीक कंप दिलाय, दांडी अडकून बसू नये म्हणून. तो झडपेतच राहतो, खुर्चीत बसणाऱ्याला कळतही नाही. रोज दुपारी मांडीवर काठोकाठ भरलेला पेला घेऊन बसतो. काल तर डुलकी लागली, पण पँट कोरडी.

दुकान विकायचं ठरवतोयस, हेही वहिनींनी सांगितलं. मी फोनवर "बरं" म्हटलं आणि नंतर जेवलोच नाही. विकू नकोस. संध्याकाळी शटर बंद दिसलं की मी हल्ली पलीकडच्या फुटपाथवरून जातो.

म्हातारपणाने हात जायचा तेव्हा जाईल. अजून गेलेला नाही.

पहिलं गिऱ्हाईक मी. दुपारीच ये, कॉइल चांगली तापू दे. आणि गालांवर वेळ काढू नकोस, गळ्यापासून सुरुवात कर.

तुझ्या वस्तऱ्याखाली डोळे मिटून बसणारा,
तुझा धाकटा