उभे मशीन, हातातले मशीन आणि सिंधूचे घर

मी, गोविंद वामन लघाटे, वय वर्षे शहात्तर, रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेला इलेक्ट्रिशियन, राहणार नगरा, झाशी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि दुसरा चहा झाल्यावर लिहून ठेवीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. या बाबतीत माझी पत्नी सौ. सिंधू हिचे मत वेगळे आहे, पण तिच्याकडे डॉक्टरकीची पदवी नाही.

हे आत्ताच का लिहितो तेही सांगतो. गेल्या दिवाळीत आमचा एकुलता एक मुलगा चि. स्वानंद पुण्याहून येताना हातात धरून खेळायचा एक गेम घेऊन आला. चष्म्याच्या घरापेक्षा थोडा मोठा. आमच्या बैठकीत जे पुरुषभर उंचीचे गेमचे मशीन उभे आहे, त्यातले सगळे जुने खेळ त्याने यात भरून आणले होते. आईच्या हातात ठेवून म्हणाला, "आई, आता हे धूड कशाला हवंय? सगळं यात आहे. बाबांच्या मागे तू आपली पुण्याला चल, घर विकून टाकू." मी समोरच बसलो होतो, जिवंत. त्याच दिवशी ठरवले की सिंधूला या घरातून कोणी हलवू नये, असा पक्का कागद करून ठेवायचा.

कलम १. नगऱ्यातील राहते घर माझ्या स्वकमाईचे असून माझ्या पश्चात ते संपूर्णपणे सिंधूचे. ठेवायचे, विकायचे, भाड्याने द्यायचे की गच्चीवरच्या माकडांना आंदण द्यायचे, हे तिने एकटीने ठरवावे.

कलम २. बँकेतील ठेवीही तिच्याच. स्वानंदला काही कमी नाही. नात चि. इरा हिच्या लग्नासाठी म्हणून काही बाजूला ठेवत नाही, कारण तिने मला तसे बजावले आहे. माझे मनगटी घड्याळ तिला.

कलम ३. उभे मशीन. खंडेराव गेटजवळ पूर्वी व्हिडिओ गेमचे पार्लर होते. तिथली मशीन मी ड्यूटीनंतर दुरुस्त करीत असे. एकदा सिंधू नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन मला घरी बोलवायला आली. दुरुस्ती झाली की नाही हे कोणीतरी खेळून बघावे लागते. मी म्हटले, तूच बघ. तेव्हापासून तिला घरी चल म्हणायची पाळी माझ्यावर आली. पार्लर बंद झाले तेव्हा मालकाने हे मशीन हौसेने तिला देऊन टाकले.

आता स्वानंदचा मुद्दा, की सगळे यात आहे. मी विजेचा माणूस, हवेत बोलत नाही. दोन्हींवर सगळे खेळ खेळून पाहिले. वरून पडणारे तुकडे जुळवायचा खेळ हातातल्या मशीनवर जास्त चांगला. अंथरुणात पडून खेळता येतो, मान अवघडत नाही. विमानांचा खेळ निम्मा. आमचा पडदा उभा आणि त्याचा आडवा, म्हणून आकाश मधोमध चिंचोळे होते आणि दोन्हीकडे काळ्या पट्ट्या राहतात. फिरवून उभे धरले तर आकाश पूर्ण दिसते, पण बटणे भलत्याच बोटांखाली येतात. भुलभुलैयात आमच्या मशीनचा दांडा खट्कन चारच दिशांना जातो. इथे अंगठ्याखालची गुंडी तिरकी सरकते आणि वळण हुकते. विटा फोडायचा खेळ तर पार नासला आहे. त्याला रेडिओसारखे फिरवायचे बटण लागते. बाण दाबून फळी नुसती हिसके खात जाते.

एका गोष्टीत मात्र हातातले मशीन थोर. ते गुण लक्षात ठेवते. आमच्या मशीनची वीज गेली की गुण पुसले जातात, आणि झाशीत वीज जाते.

राहिली बैठक. उभ्या मशीनपुढे बारी-बारीने खेळायचे असते, आणि ज्याची बारी नसते त्याने कोपराने ढोसायचे असते. शेजारचे तिवारीजी संध्याकाळी मागे उभे राहून ओरडतात, "भाभीजी, अब तो हमाई बारी है!" सिंधू मान न वळवता म्हणते, "भैया, अभी मरी नहीं हूँ मैं." हातातल्या मशीनवर बघणाऱ्याला खेळणाऱ्याचे कपाळ तेवढे दिसते. तेव्हा खेळ बरेचसे आले आहेत, माणसे बाहेर राहिली आहेत, असा माझा निकाल आहे.

मशीन सिंधूचे. तिला नको झाले तर तिवारीजींचे. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. तिवारीजींना विचारले, सही करता की मशीन घेता? त्यांनी लगेच पेन खाली ठेवले.

कलम ४. माझा धाकटा भाऊ चि. अशोक याने एका रविवारी, सिंधू तिच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या गुणांवर असताना, पँटला इस्त्री करायची म्हणून मशीनचा प्लग काढला. सिंधूने केव्हाच माफ केले. मी केलेले नाही. घरातील इस्त्री, वायरीसकट, अशोक यास.

कलम ५. सोल्डरिंग आयर्न, मीटर व पेचकसांचा डबा अशोकची मुलगी चि. कल्याणी हिला. तिला मराठी सगळे कळते, उत्तर हिंदीत देते. मशीनचा पडदा मी दुरुस्त केला असे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, तेव्हा ती आतून ओरडते, "काका, वो तो मैंने किया था!" तिचेच खरे आहे.

कलम ६. हे कलम कच्च्या मसुद्यात नव्हते. काल संध्याकाळी वरचा सगळा मजकूर सिंधूला वाचून दाखवला. ती हातातल्या मशीनवर विटा फोडत बसली होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "छान लिहिलंय. पण मी जाणार आहे पुण्याला."

"अगं, मग इतके महिने बोलली का नाहीस?"

"विचारलं कुठे कोणी? तो म्हणतो चल, तुम्ही म्हणता राहा. तुमचं दोघांचं माझ्यावरून चाललंय आणि मी आपली खेळतेय."

"आणि घर? मशीन? यात मजा नाही असं तूच म्हणतेस ना?"

"नाहीच आहे. तुम्ही आहात तोवर मला इथून हलवून दाखवावं कोणी. पण तुम्ही गेल्यावर इथे मी हरवायचं कोणाला?"

माझे डोळे भरून आले, हे लिहायला लाज वाटत नाही. माझ्याविषयी इतके चांगले आजवर कोणी बोललेले नाही.

तरीही कलम १ मध्ये बदल करीत नाही. घर तिचेच. पुण्याला जाईल ती आपल्या घराला आपल्या हाताने कुलूप लावून जाईल, आणि तिथे करमले नाही तर किल्ली तिच्याजवळच असेल. स्वानंद, तिला न्यायला ये, पण आधी विचार. आणि घाई करू नकोस. सध्या तिच्याकडून हरायला मी आहे.

वरील मजकूर माझ्या हातचा आहे. एके ठिकाणी शाई पसरली आहे, तिथे शेजारी सही केली आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. खालील दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

सही : गोविंद वामन लघाटे

साक्षीदार :
१. जयदीप मनोहर आपटीकर, निवृत्त फिटर, नगरा (सही)
२. सौ. माधुरी जयदीप आपटीकर, नगरा (सही)

स्थळ : झाशी
दिनांक : ९ मार्च २०२५