दुपारची सून

लंडन

ती. आईस मनूचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला गेला का?

काल करी रोडहून नलूकाकीचा फोन आला. तुझी हीच जाऊ तुला चाळभर ‘दुपारची सून’ म्हणायची. सकाळी तुझी बोटं मिटत नसत, भाकरी थापता येत नसे. दुपारी कपडे पिळताना दिसलीस की ती गॅलरीतून ओरडायची, “आता बरी झाली गो हिची बोटां!”

आई, मी लॅबमध्ये त्याच सकाळवर काम करते. आमवातात रात्रभर सांध्यांतला दाह वाढतो, म्हणून सकाळी बोटं आखडतात आणि दुपारपर्यंत सैल होतात. तिने ज्याला नाटक म्हटलं, तीच या आजाराची खूण आहे.

आता तिचीच बोटं सुजलीत. रडत होती. मी गोड आवाजात विचारलं, “काकी, दुपारी बरं वाटतं ना?”

“होय गो.”

“मग आळस असेल,” म्हटलं. मला फार बरं वाटलं.

परळच्या डॉक्टरांकडे तिचा नंबर मीच लावलाय. ते दुपारीही बसतात, पण मी मुद्दाम सकाळचा पहिला घेतला. ब्लाउजची हुकं लावू दे तिची तिला.

तुझी बोटं आता औषधाने वळतात, म्हणून तू मदतीला धावशील. मी ओळखते तुला. जायचंच असेल तर जा, पण दुपारी जा.

दुपारच्या सुनेची लेक,
मनू