चौथ्या धुण्याचं पाणी

९ फेब्रुवारी १९७६
आज पुन्हा तेच. शेंगांच्या टरफलांचा तोच कोळसा, तोच रंग, तोच तराजू, आणि रीडिंग कालच्यापेक्षा निराळं. कोळसा रंग किती शोषून घेतो, एवढं एकच विचारतेय मी त्याला दोन वर्षं. गाइड सरांचं कोल्हापूरहून पत्र: मार्चअखेर प्रबंध द्या, नाहीतर नोंदणी रद्द. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी तेवढी रीडिंग बरी येतात. मेल्या कोळशालाही सुट्टी लागते की काय!

१२ फेब्रु.
प्रॅक्टिकलचे मार्क दिले. अंबादास नापास. गावाच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला, वडील रंगारी, सुताला रंग देतात. पोरगा दुसऱ्यांदा त्याच वर्गात. जर्नलमध्ये, रंग न घातलेल्या कोऱ्या पाण्यापुढे लिहिलंय, 'पाणी गुलाबी'. डिस्टिल्ड वॉटर आणि गुलाबी! लाल शाईनं काट मारली, 'निरीक्षण नीट करा' लिहिलं. आता माझी सही नाही म्हणजे परीक्षेचा फॉर्म नाही.
दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, फॉर्म न्हाय भरला तर घरचे मागावर बसवतील."
म्हटलं, मग बस जा. बोलायला नको होतं. बोलले.

१६ फेब्रु.
पुन्हा आला. हट्टी कार्टं. "मॅडम, एकदा वरून बघा की." उंच काचेची नळी कोऱ्या पाण्यानं भरली, खाली पांढरा कागद ठेवला. बाजूनं काही दिसत नाही. वरून... फिकट, पण आहे.
"सूत रंगवल्यावर आमी धुतो न्हवं का, हा चौथ्या धुण्याचा रंग हाय. पाचव्याला जातो."
म्हटलं, नळी धुतली नसशील. स्वतः घासून धुतली. पुन्हा भरली. आहेच.

१७ फेब्रु.
लॅबमधले शिपाई शिवप्पा, त्यांना धरलं. डिस्टिल्ड वॉटर आणता कुठून? "मागच्या विहिरीचं. फडक्यानं गाळून."
दोन वर्षं! ओरडलेच मी. म्हातारा शांत. "बाई, त्या यंत्रातनं एक बाटली काढायची तर वाफ गार करायला दहा घागरी पाणी नुसतं मोरीत सोडावं लागतंय. आमच्या गल्लीत तीन दिवसाआड नळ. बायका रांगेत भांडत्यात. माझ्या हातनं न्हाय सोडवत."
कपाळ माझं! विहिरीच्या पलीकडे रंगाचा कारखाना, त्याचं गटार विहिरीला लागून. कारखाना बंद की पाणी बरं, पाणी बरं की माझी रीडिंग बरी. कोळसा शहाणा होता. गाढव मी.

२१ फेब्रु.
ह्यांना विचारलं. घरात वकील असून उपयोग काय? पाण्याचा नवा कायदा झालाय ना?
"झालाय. पण नमुना सरकारी माणसानं घ्यायचा, कारखान्याच्या माणसासमोर, सील करून. तुझी बाटली कोर्टात म्हणजे नुसती बाटली."
आणि माझा प्रबंध?
"तो थोडाच कोर्टात जाणारे? कोण बघतंय! देऊन टाक." हसत म्हणाले.
मी ताट आपटलं. खरं सांगायचं तर चार दिवस मीही मनात तेच म्हणत होते, म्हणून एवढा राग आला. भाजी करपली ती वेगळीच.

२४ फेब्रु.
फॉर्मचा शेवटचा दिवस. अंबादासचं 'नापास' खोडलं, सही केली. प्राचार्य म्हणाले, कारण लिहा. लिहिलं: विद्यार्थ्याचं निरीक्षण बरोबर, प्रयोगशाळेचं पाणी चूक.
वाचून चष्मा काढला. "बाई, मग तुमच्या पीएच.डी.चं पाणी कुठलं?"
घरी येऊन सरांना पत्र लिहिलं. दोन वर्षांची सगळी रीडिंग बाद. तिकीट लावताना रडू आलं, चांगलं हमसून.

१ मार्च
पत्र पर्समध्येच. पोस्टावरून दोनदा गेले.
दुपारी अंबादास आला, फॉर्म पोचल्याचं सांगायला. हातात बाटली. "आमच्या आडाचं हाय. मला एकट्यालाच दिसतंय म्हणून घरचे हसत्यात. तुमी बघा."
नळी, पांढरा कागद. मी वरून बघितलं आणि बाजूला झाले. म्हटलं, तूच सांग, तुझा डोळा माझ्यापेक्षा चांगला. लाजला. मग वाकून बराच वेळ बघत राहिला.
"तिसऱ्या धुण्याचं."
पिता हे?
"व्हय की. नळ न्हाय आला की हेच."
बाटलीवर चिठ्ठी लावली, तारीख घातली, कपाटात ठेवली. कोर्टात चालत नाही, माहीत आहे.
पोस्ट साडेपाचला बंद होतं. पाच वाजून गेलेत, आणि मी इथं रोजनिशी लिहीत बसलेय.